उजवीकडचा रकाना

"पाय जपून. पुढे जमीन नाहीये."

आवाज पायांशी आला म्हणून तिनं खाली बघितलं. लिफ्टचं दार सताड उघडं, आत लिफ्टच नाही, आणि तळमजल्याच्या फरशीच्या बरोबरीनं एका तरुणाचं डोकं तेवढं वर आलेलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात टॉर्च. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात सगळं शिकवतात, पण जमिनीतून वर आलेल्या डोक्याशी कसं बोलायचं हे काही शिकवत नाहीत. आणि ही तर आयुष्यातल्या पहिल्या गृहभेटीला निघालेली. घरी आरशासमोर सहा वेळा पाठ केलेलं "नमस्कार, मी केंद्राकडून आलेय" बाजूलाच राहिलं.

"लिफ्टला किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"कितव्या मजल्यावर जायचंय?"

"पाचव्या."

"मग दोन तास. पहिल्यावर जायचं असतं तर लगेच झाली असती. कोणाकडे जायचंय?"

"ते सांगता येत नाही," तिनं फाइल छातीशी घट्ट धरली. "आमच्या कामात ते गोपनीय असतं."

"बरोबर आहे," डोकं गंभीरपणे म्हणालं. "पाचव्यावर घरं दोनच. एकाला वर्षभर कुलूप आहे. दुसऱ्यात मी आणि माझी आई राहतो. तेव्हा तुम्ही कुठे जाताय ते मला अजिबात कळलेलं नाही बघा."

तिला खरं तर राग यायला हवा होता. ती हसली. तिथेच सगळं बिनसलं म्हणा, किंवा जुळलं म्हणा. तो खड्ड्यातून वर आला, हात पुसत जिन्यानं तिच्या पुढे चढू लागला आणि प्रत्येक मजल्यावर वळून बघत राहिला, ही मागे येतेय ना म्हणून.

आता कामाचं सांगायला हवं. त्याची आई तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर बोलणं हीच नोकरी. निवृत्त झाली आणि सहा महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला. एक हात अधू राहिला तेवढं सोडलं तर हातपाय सावरले, बोलणं मात्र गेलं. म्हणजे समजायचं सगळं, पण मनातला शब्द जिभेवर यायला मिनिट मिनिट लागायचं. अशा माणसांसाठी, ही जिथे शिकाऊ म्हणून लागली होती त्या केंद्रात, दर गुरुवारी एक गट भरायचा. आठच जागा. आईंना त्या गटापर्यंत आणणं, आणि तेही त्यांच्या मर्जीनं, हे हिचं काम. दर मंगळवारी दुपारी एक तास.

त्या मंगळवारांचं काय सांगावं! खिडकीतून ऊन जमिनीवर लांबट पडलेलं असायचं, आई खुर्चीत, आणि तो स्टुलावर. हिनं आईंना प्रश्न विचारायचा, आईंचे ओठ हलायला लागायचे, बोटं खुर्चीच्या हातावर टकटक करायची... आणि तो उत्तर द्यायचा.

"आज कसं वाटतंय, आई?"

"बरं वाटतंय म्हणते. काल झोप लागली नाही तेवढी. तुम्ही आलात की तिला बरं वाटतं." मग जरा थांबून, "सगळ्यांनाच वाटतं."

"तुम्हाला कोणी विचारलं नाही."

"म्हणून तर आपणहून सांगतोय."

त्यात वाईट असं काही नव्हतं. आईला शब्दासाठी धडपडताना बघवत नाही म्हणून पोरगा मदतीला धावायचा. पण त्याचं बोलणं ऐकायला गोड होतं, आणि ही ऐकत होती. तिसऱ्या मंगळवारी तिनं गटाबद्दल विचारलं. आईंनी तोंड उघडलं. तो म्हणाला, "नको म्हणते. चार लोकांत तिला अवघडल्यासारखं होतं." हिनं मान डोलावली आणि लिहून घेतलं : क्लायंटचा नकार.

परतताना बसमध्ये खिडकीशी बसून ती त्याचं एकेक वाक्य आठवायची. या आठवण्याला अहवालाची सबबही होती. शिकाऊ विद्यार्थ्यांनी भेटीतलं सगळं संभाषण जसंच्या तसं लिहायचं असतं : डावीकडच्या रकान्यात कोण काय बोललं, उजवीकडे त्या क्षणी आपल्या मनात काय आलं. डावा रकाना ती भराभरा भरायची. उजवा कोरा सोडायची. मनात आलेलं लिहायचं म्हटलं तर कान तापायचे.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे तिच्या पर्यवेक्षक. पंचवीस वर्षं याच कामात, आवाज कधी चढायचा नाही, आणि त्याचीच सगळ्यांना धास्ती. त्यांनी अहवाल पुढे सरकवला.

"वाक्यं मोज. कोणाची किती."

तिनं मोजली. त्याची एकेचाळीस. तिची सव्वीस. आईंची... तिनं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"एकही नाही," ती म्हणाली.

"मुलाला कमी साखरेचा चहा लागतो हे मला कळलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या डाव्या भुवईवर जुनी खूण आहे, तेही कळलं. आईंचा कुठला हात अधू आहे, ते मात्र चार अहवालांत कुठे सापडलं नाही. आणि 'नकार' कोणी दिलाय? शुक्रवारी गटाची यादी पक्की होतेय. त्या जागेसाठी दुसरे थांबलेत."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज वाटली ती मॅडमना कळलं याची नव्हे. एक बाई महिनाभर तिच्यासमोर तोंड उघडून बसली होती आणि हिनं तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं, याची वाटली.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवार नसताना, ती पाच मजले चढून गेली. लिफ्ट चालू होती तरी. दार त्यानंच उघडलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"आज वार चुकला का? चुकला असेल तर रोज चुकू दे."

"तुम्ही वीस मिनिटं बाहेर थांबाल?"

"माझ्याच घराबाहेर?"

"हो."

तो हसायला गेला आणि तिच्याकडे बघून थांबला. चपला घालून जिन्यात जाऊन बसला.

तिनं स्टूल ओढून आईंच्या समोर घेतलं. "आई, गटात यायचंय का तुम्हाला? सावकाश सांगा, मला वेळ आहे." आणि मग ती गप्प बसली. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे तिला त्या दुपारी कळलं. आईंचे ओठ हलले, थांबले. डावी मूठ वळली, म्हणजे अधू हात उजवा होता. दोनदा तिच्याही जिभेवर आईंचा शब्द आला आणि दोन्ही वेळा तिनं तो गिळला.

"जा...यचं," आई म्हणाल्या.

"कधीपासून वाटतंय?"

"पहि...ल्या... दिवसा...पासून." आईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण चेहरा हसरा होता. "पोरगा... चांगला... आहे. पण... बोलतो... फार." पुन्हा बराच वेळ गेला. आईंनी बोट तिच्याकडे केलं. "तू... पण. त्याच्या...कडेच... बघतेस."

तिनं आईंचा उजवा हात हातात घेतला आणि आईंनी तो घेऊ दिला.

जिन्यात तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पायरीकडे बघत राहिला.

"म्हणजे वर्षभर मी तिला बोलूच दिलं नाही," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, मी तिचे कष्ट वाचवतोय."

"मी तरी कुठे ऐकत होते?" ती म्हणाली. "माझं लक्ष... दुसरीकडे होतं. तेच आज मी अहवालात लिहिणार आहे. मग ही केस माझ्याकडे राहणार नाही."

त्यानं मान वर केली. "नाही लिहिलं तर?"

"तर पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन."

दोघांनाही तो मंगळवार दिसला. ऊन, खुर्ची, स्टूल. तिला वाटलं, यानं आत्ता नुसतं "या" म्हटलं तरी आपण विरघळून जाऊ. त्यानं तसं म्हटलं नाही.

"काय लिहिणार?" त्यानं हळूच विचारलं.

"की मला तुम्ही आवडता. म्हणून माझ्याकडून आईंवर अन्याय झाला."

वरच्या मजल्यावर कोणीतरी दार लावलं. तो भिंतीला टेकला, डोळे मिटले, उघडले. "असं सांगतात होय कोणी?" तो म्हणाला. "माणसाला धड आनंदही होऊ देत नाही तुम्ही. ...मग आता कधी भेटायचं?"

"केस चालू आहे तोवर नाही. फोनही नाही. माझी जागा दुसरी मैत्रीण घेईल, तिच्याकडेही माझी चौकशी करायची नाही."

"मग आईला पटकन बरी करू की. रोज सकाळ-संध्याकाळ शब्द घोकून घेतो, महिन्याभरात..." तो मध्येच थांबला. त्याचा चेहरा पडला. "नाही. तिला घाई नाही करायची. माझ्यासाठी तर नाहीच नाही."

त्या वाक्यानं ती त्याच्यावर खरी भाळली, आणि तेच वाक्य ऐकून तिला पाच मजले उतरून निघून जावं लागलं. त्या संध्याकाळी तिनं उजवा रकाना पहिल्यांदा भरला. पान पुरलं नाही, मागेही लिहिलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "आता तू कामाला लागलीस."

पुढचे पाच महिने, काय विचारता! आईंचा गट केंद्राच्या तळमजल्यावर आणि हिचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. दर गुरुवारी तीन वाजता तो आईंना घेऊन यायचा, आत सोडायचा आणि समोरच्या कठड्यावर तासभर बसून राहायचा. वर बघायचा नाही. एकदाही नाही. तिनंच घातलेला नियम, आणि त्याचं ते इमानेइतबारे पाळणं बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा पावसाच्या सरीत भिजत बसला, पण मान वर केली नाही. बघ की जरा, ती मनात म्हणायची. आणि लगेच, नको, बघू नकोस. केंद्रातले दुसरे लोक, त्यांची दुखणी, त्यांची भांडणं, सगळं ती आता मन लावून ऐकायची. कोणाचं वाक्य अर्ध्यावर तोडायची नाही. गुरुवारी तीनच्या सुमारास मात्र तिच्या हातातलं पेन आपोआप थांबायचं.

अभ्यासक्रमाचा शेवटचा गुरुवार. तिनं टेबल आवरलं, मॅडमनी शेवटच्या कागदावर सही केली. इतक्यात दारात आई उभ्या. एकट्या. कठडा धरत दोन जिने चढून आल्या होत्या आणि दमल्या होत्या. तिनं खुर्ची दिली आणि समोर बसली. वाट बघत.

"माझी... केस," आई म्हणाल्या. "बंद... केली. आज. मीच."

तिला आनंदही झाला आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही वाटली. "आई, हे तुम्ही आमच्यासाठी करत असाल तर..."

"हॅट." हा शब्द मात्र आईंच्या तोंडून लख्ख आला. मग दम घेऊन, "माझ्या...साठी. गटातल्या... चौघी... आता... घरी येतात. मला... बरं... आहे. पुरे... झालं... केंद्र."

"मुलाला सांगितलंत?" तिनं खिडकीकडे न बघता विचारलं.

आईंनी नाही अशी मान हलवली. ओठ हलू लागले. वाक्य लांब असावं, कारण फार वेळ लागला. खाली कठड्यावर तो बसला होता, खाली मान घालून, आणि इथे ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. उठून धावावंसं वाटत होतं. पण समोरची बाई बोलत होती, आणि तिचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

"माझं... झालं... सांगून," आई म्हणाल्या. "तुमचं... आता... तुम्ही... बघा."

ती उठली आणि जिन्याकडे धावली.