शेवटच्या घराची वायर

सुताच्या लडी वाळत घालायला पुष्पलता गच्चीवर आली, तर कठड्यावर एक तरुण… गळ्यात काळ्या वायरचं भलंमोठं भेंडोळं घालून बसलेला.

"कोण गा तू? आमच्या गच्चीवर काय करून राहिला?"

"गोविंदा. व्हिडिओवाला. तुह्या बाबानं बोलावलं, वायर लावाले."

पाचपावलीच्या त्या विणकरांच्या गल्लीत तेव्हा त्याच्याच नावाची चर्चा होती. त्याच्या खोलीत एकुलता एक व्हीसीआर, आणि तिथून गच्च्यागच्च्यांवरून चाळीस घरांच्या टीव्हीपर्यंत वायर. दाराशी टांगलेल्या डब्यात पिक्चरच्या नावाची चिठ्ठी टाकायची. ज्या पिक्चरच्या चिठ्ठ्या जास्त, तो सगळ्या घरी लागायचा. पुष्पलताचं घर सगळ्यात शेवटचं.

त्यानं वायर सुतळीनं बांबूला बांधली. ती घसरली. परत बांधली, परत घसरली.

"असं बांधतेत काय? सरक." बी.ए.ला असली तरी पोर विणकराची. लडीतलं हातभर सूत घेऊन तिनं वायर आणि बांबूभोवती एक पीळ दिला, ओढला. "ही मागावरची गाठ हाय. तुटला धागा जोडाची."

"अन् सुटली तर?"

"नाही सुटत."

तो गाठीकडे बघत राहिला… की तिच्या बोटांकडे, कोण जाणे.

मग दर शनिवारी तिची चिठ्ठी डब्यात, आणि दर शनिवारी ती हरलेली.

"चाळीस घरांत तू एकटी. कशी जिंकशील वं?"

"तू टाक ना माह्यासाठी एक."

"टाकतोच. तरी दोनच होतेत."

त्या दिवशी ती जिना उतरताना उगाचच हसत होती.

पण मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलं. भिवापूरचे मास्तर. बाबांनी, म्हणजे चंपतरावांनी, शब्द दिलेला. त्या शनिवारी डब्यात तिची वेगळीच चिठ्ठी होती, कॅसेटला गुंडाळलेली – 'प्रेमलताच्या लग्नाची कॅसेट. एकदाच.'

प्रेमलता तिची मोठी बहीण. त्या कॅसेटमध्ये आई होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि घरात तिचा धड एक फोटो नव्हता.

"एकट्या तुह्या घरी कसं लावू?" तो हळूच म्हणाला. "लावलं का चाळीस घरी दिसते."

"मंग राहू दे. माही आई लोकांनी बघत बसाची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ राखेसारखं झालेलं. गोविंदा एकेका गच्चीवर चढत होता, एकेका घराचा जोड काढत होता. खालून ओरडा चाललेला – "गोविंदा, टीव्ही काहून गेला गा?"

"दुरुस्ती हाय, काकाजी."

एकोणचाळीस घरं काळी झाली. मग पुष्पलताच्या टीव्हीवर मांडव उजळला. अक्षतांचं ताट घेतलेली आई आली, लाइटाला लाजली, पदर ओढून काहीतरी बोलली. काय बोलली… कॅसेटवाल्यानं वरून सिनेमाची गाणी भरलेली. आवाज गेलाच होता.

आई निघून गेली. तोच चित्र थांबलं, मागं सरकलं. आई परत आली. मग आणखी एकदा. तिनं तर काही सांगितलंच नव्हतं.

पडदा काळा झाला. थोड्या वेळानं वर पावलं वाजली, तशी ती गच्चीवर धावली. तो शेजारच्या घराचा जोड लावत होता.

"तीनदा काहून लावलं?"

"पहिल्यांदा तुले दिसलंच नसन. डोळे भरले असतीन."

"तुले कसं माहीत?"

तो वायरीचं टोक पुसत राहिला. "माहीत हाय वं…"

"भिवापूरले वायर पोचत नाही ना?"

"नाही पोचत."

तो पुढच्या घराचा जोड लावायला वळला.

लग्नानंतर टीव्ही आंदण म्हणून टेम्पोत चढला. चंपतराव म्हणाले, "वायर काढून ने गा, आता काय कामाची?"

गोविंदा गच्चीवर गेला. गाठीशी बराच वेळ झटला. सुटली नाही. कापायला कात्री होती हातात… त्यानं सूत कापलं नाही. गाठीच्या अलीकडून आणि पलीकडून वायरच तोडली.

टेम्पोतून वळून बघताना पुष्पलताला बांबूवर तो वीतभर काळा तुकडा दिसला. गल्ली वळेपर्यंत दिसत होता.