नंतर आठवण करा

दारावर माणसाएवढा लाकडी चष्मा टांगलेला असताना कुणी कुरिअरचं ऑफिस समजून आत शिरावं, असं तिच्या दुकानात आजवर घडलं नव्हतं. तो मात्र सरळ आत आला, खांद्यावरची बॅग काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "कुठला कॉम्प्युटर त्रास देतोय?"

योगायोग असा, की नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर तिचं डोकं खात होता. गेले कित्येक दिवस पडद्यावर तोच चौकोन उगवायचा. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आता जुनी झाली आहे, महिनाअखेरीनंतर कंपनी तिची राखण करणार नाही, नवी घ्या. खाली दोन बटणं, 'आत्ता अपग्रेड करा' आणि 'नंतर आठवण करा'. ती न चुकता दुसरं बटण दाबायची, आणि तो चौकोनही न चुकता पुन्हा यायचा.

"बोलावलं तर नाही कुणी," ती म्हणाली, "पण आलाच आहात तर बसा."

आपल्याला शेजारच्या दारात जायचं होतं हे कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. पण खुर्चीवरून उठला मात्र नाही. स्टूलवर बसून विणकाम करणाऱ्या आत्याने सुया न थांबवता ही गोष्ट टिपून ठेवली.

खरं तर निर्णय घेणं तिला जड जावं असं काही नव्हतं. दुसऱ्यांना निर्णय घ्यायला लावणं हाच तिचा धंदा होता. समोरच्या खुर्चीत माणूस बसला, की त्याच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलत ती विचारायची, "पहिलं की दुसरं?" भलेभले त्या खुर्चीत चाचरायचे, दोन्ही सारखंच वाटतं म्हणायचे, पण ती त्यांच्याकडून खरं उत्तर काढून घ्यायचीच. तिच्या हातचा नंबर सहसा चुकत नसे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घोडं अडलं होतं ते मागच्या खोलीतल्या काच कापायच्या यंत्रापाशी. आत्याने उमेदीच्या दिवसांत घेतलेलं ते यंत्र. फ्रेमचं माप कॉम्प्युटर सांगणार आणि यंत्र त्या मापाची काच घासून देणार, अशी त्यांची जोडी होती. नव्या सिस्टीमने यंत्राला ओळखच दाखवली नाही तर? मग काचा बाहेर पाठवा, गिऱ्हाइकाला थांबवा, म्हणजे चष्म्याचं दुकान नुसतं फ्रेमचं दुकान झालं. नवं यंत्र घ्यायचं तर त्याची किंमत ऐकूनच आत्याने अंथरूण धरलं असतं.

तो मागे जाऊन यंत्र बघून आला, बराच वेळ त्याने काही शोधलं आणि मग हळूच सांगितलं, की या मॉडेलला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि यंत्र यांच्यातला दुभाषी. तो नसला तर दोघं एका घरात राहूनही एकमेकांशी बोलणार नाहीत. आणि जुन्यावरच राहायचं म्हटलं, तर सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती उघड्यावर पडल्यासारखीच. काहीतरी वाट काढू, तो म्हणाला. कुरिअरवाल्यांकडे आता दर गुरुवारी यायचंच आहे, तेव्हा इथेही डोकावेन.

म्हणून गुरुवार सुरू झाले.

आता हे सांगायलाच हवं, की तो तिला आवडायला लागला होता. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तो शर्टाच्या बाह्या अगदी निगुतीने दुमडायचा. बिघडलेल्या कॉम्प्युटरला शिव्या न घालता "चल, बघू या तुला काय होतंय" असं म्हणायचा. चहा गार होईपर्यंत विसरायचा आणि मग तो गार चहाच मिटक्या मारत प्यायचा. काम करताना तर पडद्याला नाक लावून बसायचा. केवढी ही एकाग्रता, तिला वाटायचं.

"आला बघ तुझा गुरुवार," आत्या म्हणायची. आत्याने त्याचं हेच नाव ठेवलं होतं.

तो दुकानात शिरला, की ती आतल्या अक्षरांच्या तक्त्यापाशी उभी असायची आणि तिथून त्याच्याकडे बघून हसायची. साधं, नीट, समोरच्याला पोचेल असं हसायची. आणि तो? तो नुसता बघायचा. ना ओठ हलायचे, ना मान. मग ती काही विचारायला जवळ जायची, पडद्यावर वाकायची... आणि जवळ गेलं की तिचंच काहीतरी बिनसायचं. छातीत धडधडायला लागायचं, ते दिसू नये म्हणून ती कपाळाला आठ्या घालायची आणि एखाद्या मास्तरीणबाईसारखी विचारायची, "अजून किती वेळ?" तो चाचरत काहीतरी उत्तर द्यायचा. सगळी मजा तिथेच संपायची.

महिनाअखेर जवळ आली. एका संध्याकाळी ती भाजी घेऊन घरी निघाली होती आणि पलीकडच्या फुटपाथवर तो दिसला. रिमझिम नुकतीच थांबली होती, रस्ता चकाकत होता. तिने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात उंच करून हलवला. हसलीही, चांगली तोंडभर. त्याने सरळ तिच्याकडे बघितलं. आणि सरळ पुढे निघून गेला.

घरी आल्यावर तिने पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवली. आत्याने विचारलं, काय झालं. काही नाही, ती म्हणाली. पण झालं होतं. तिला लागलं होतं, आणि स्वतःचा रागही आला होता. यंत्र, ड्रायव्हर, गिऱ्हाइकं ही सगळी कारणं खरी होती, पण रोज ते 'नंतर' दाबताना तिच्या मनात आणखी एक गोष्ट असायची. अपग्रेड झालं की गुरुवार बंद. ज्याला साधी ओळख दाखवायची नाही, त्याच्यासाठी दुकान टांगणीला ठेवण्यात काय अर्थ आहे, असं म्हणून ती त्या रात्री झोपली. झोप मात्र फारशी लागली नाही.

गुरुवारी तो आला तेव्हा ती तक्त्यापाशी नव्हती. काउंटरमागे हाताची घडी घालून उभी होती.

"आज अपग्रेड करून टाकू," ती म्हणाली. "यंत्र बंद पडलं तर काचा बाहेरून कापून आणेन. जे होईल ते होईल."

तो गडबडला. "इतकी घाई नका करू. मी अजून शोधतोय. तीनशे नंबरच्या मॉडेलला खरंच काही..."

"कितीच्या?"

"तीनशे."

"माझं यंत्र आठशे नंबरचं आहे."

"नाही हो," तो नम्रपणे पण ठामपणे म्हणाला, "मी स्वतः वाचलंय."

"कुठून?"

त्याने जाऊन दाखवलं. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून, पुढ्यात आडव्या आलेल्या यंत्राच्या पाण्याच्या टाकीवरून, त्याच्या पाठीवर खाली चिकटवलेल्या पट्टीकडे बोट केलं. "इथून. ते बघा ना, पहिला आकडा तीन आहे."

ती दारात त्याच्याशेजारी उभी राहिली. तिथून आठचा आकडा तिला लख्ख दिसत होता. तिने पट्टीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो डोळे बारीक करून बघत होता, अगदी तसेच बारीक, जसे तिच्या खुर्चीत बसायच्या आधी सगळे जण करतात. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. दारावरचा एवढा थोरला लाकडी चष्मा त्याला दिसला नव्हता. पडद्याला नाक लागायचं. आणि फुटपाथ... अरे देवा, फुटपाथ. एवढ्या गुरुवारांत तिने त्याच्या बाह्या बघितल्या, बोटं बघितली, डोळेही बघितले होते. पण ते काही धंद्याच्या नजरेने बघितले नव्हते.

"खुर्चीत बसा," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"त्या. बसा म्हणते ना."

तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवली. त्यात तो इतका गोंधळलेला दिसत होता, की तिला हसू आवरेना. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. सगळ्यात वरचं थोरलं अक्षर त्याने झोकात वाचलं. दुसऱ्या ओळीतली त्याने मनाने रचली.

"आणि तिसऱ्या ओळीत काय आहे?"

"तिसरी ओळ आहे?"

स्टूलवरून आत्याचा दबलेला आवाज आला. ती खोकली असावी किंवा नसावी.

"लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं ना?" त्याने विचारलं. "थोडं धुक्यातलं?"

"नाही."

त्याने कबूल केलं, की मध्ये एकदा दाखवायचं मनात आलं होतं, पण म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. आणि असे बरेच महिने गेले.

"म्हणजे तुम्हीही 'नंतर आठवण करा' दाबत बसलात," ती म्हणाली. "आणि मला म्हणे वाट काढून देणार होतात. चला, पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"आता? पहिलं की दुसरं?"

"पहिलं... नाही, दुसरं."

तिच्या बोटांना सवय होती. काच काढायची, काच ठेवायची, थांबायचं. तो मात्र तिच्या गिऱ्हाइकांसारखा नव्हता, त्याच्या कपाळाशी हात नेताना तिला श्वास जपून घ्यावा लागत होता. शेवटची काच बसवून ती लांब गेली, तक्त्यापाशी उभी राहिली, आणि सवयीने त्याच्याकडे बघून हसली.

"वाचा."

तो वाचेना.

"वाचा ना. शेवटची ओळ."

"तुम्ही हसताय," तो म्हणाला.

"मग?"

"तुम्ही... हसता?"

"तुम्ही पहिल्यांदा परत आलात त्या गुरुवारपासून इथेच उभी राहून हसतेय मी. तुम्ही नुसते बघायचात. परवा तर रस्त्यात हात केला, तर समोरून निघून गेलात."

त्याने जड फ्रेम दोन्ही हातांनी धरली, जणू ती काढली तर समोरचं नाहीसं होईल. मग हळूहळू सांगू लागला. त्याला ती दिसायची ती फक्त पडद्यावर वाकल्यावर, हातभर अंतरावरून. आणि तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या असायच्या. "मला वाटायचं, मी आलेलं तुम्हाला खपत नाही. म्हणून मान खाली घालून काम आटपायचो आणि निघायचो. मग पुढच्या गुरुवारपर्यंत तुमचा आवाज आठवत राहायचो."

आत्याच्या सुया थांबल्या.

"आधी तो आकडा वाचून या," ती म्हणाली.

तो फ्रेम सावरत दारात गेला. मग तो म्हणाला, "आठ," आणि पुन्हा कानापर्यंत लाल होऊन बाहेर आला. त्याने घाईघाईने शोधलं, तर आठशे नंबरच्या मॉडेलचा ड्रायव्हर पहिल्या फटक्यात सापडला. तो किती दिवसांपासून तिथेच पडून होता. त्याने तिची कितीदा तरी माफी मागितली. मग सगळी माहिती बाजूला उतरवून ठेवली आहे याची दोनदा खात्री केली आणि बाण बटणावर आणून थांबला.

"हे झालं, की माझं इथलं काम संपतं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, पण हात माउसवर तसाच राहिला.

तिला हे त्याच्याही आधीपासून माहीत होतं. दुकान तिचं होतं, यंत्र तिचं होतं, आणि इतके दिवस टाळलं तेही तिनेच. तिने त्याच्या हाताखालून माउस काढून घेतला आणि 'आत्ता अपग्रेड करा' स्वतः दाबलं.

निळी पट्टी पुढे सरकू लागली. तिघांनी चहा घेतला, त्यानेही आज गरम असतानाच प्यायला. कॉम्प्युटर मधेच काळा पडला तेव्हा आत्याने स्टूल धरून ठेवलं, आणि परत उजळला तेव्हा "दिसतंय बरं" एवढंच म्हणाली. नवा पडदा उघडला. त्याने ड्रायव्हर चढवला. मागच्या खोलीतून यंत्राने एकदाच, नेहमीसारखं बारीक पीप केलं.

"ओळखलं," तो म्हणाला.

"ओळखलं ते बरं, पण कापतंय का ते बघायला हवं," ती म्हणाली. "पहिला नंबर तुमचाच."

त्याने निवडलेली फ्रेम आत्याने हाणून पाडली. आत्याने निवडलेली तिने नाकारली. शेवटी तिने स्वतः एक काढली, बारीक काळ्या काठाची, आणि तिचं माप कॉम्प्युटरला दिलं. यंत्रात पाणी वाहायला लागलं, चाक घरघरलं, काच हळूहळू फ्रेमच्या आकाराची होत गेली. तिने ती उजेडाकडे धरून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. काच फ्रेममध्ये टकदिशी बसली.

चष्मा त्याच्या कानांवर बसवताना ती अगदी जवळ होती, आणि या वेळी तिने आठ्या घातल्या नाहीत.

"एक काम कराल?" तो म्हणाला. "मी समोर जाऊन उभा राहतो. इतके गुरुवार तुम्ही जे करत होतात, ते पुन्हा एकदा करा."

तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मध्ये एक टेम्पो गेला, दोन सायकली गेल्या. ती त्या लाकडी चष्म्याखाली दारात उभी राहिली आणि हसली. तसंच, साधं, पोचेल असं.

त्याने हात वर केला. मग तोही हसला, आणि त्याचं हसू रस्त्याच्या अलीकडे नीट पोचलं.

तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "लांबून बरेच दिवस सांगत होते, आता जवळून सांगते. मला तुम्ही आवडता."

"मला तर तुम्ही दिसत नव्हतात तेव्हापासून आवडता," तो म्हणाला. मग बॅग खांद्याला लावली, दोन पावलं गेला, आणि थांबला. "पण पुढच्या गुरुवारी... इथे आता काही काम उरलेलं नाही."

"नाहीच उरलं," ती म्हणाली. "म्हणून तर लवकर या."