इम्बॅलन्सवाले दोघं

नात साक्षीचं नामकरण विहारात झालं, ते २०१८ साल. वंदना संपली, मी बाळाला पाळण्यात ठेवायला वाकले आणि पंखा, माणसं, फुलं… सगळं गरगर फिरलं. सुनेनं बाळ झेललं म्हणून बरं. डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, "इम्बॅलन्स आहे, मालनबाई. व्यायामानं जाईल."

व्यायामाचा दवाखाना गंगापूर रोडला, पहिल्या मजल्यावर. मुलगा किशोर मला दारात सोडून ऑफिसला गेला. अर्धा जिना चढले आणि पुन्हा तेच. हाताला लागला तो कुणाचा तरी सदरा. घट्ट धरला.

"धरा बिनधास्त," वरून आवाज आला. "पण सांगून ठेवतो, मीबी चक्करवालाच हाय. पडलो तर जोडीनं पडू."

पाहिलं तर त्यांनीही कठडा गच्च धरलेला. माझ्या मुठीत त्यांचं बटण.

"माफ करा हं, भाऊ—"

"बटण ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. भाऊ तेवढं परत घ्या."

आम्ही एकमेकांच्या आधारानंच वर पोचलो. व्यायाम शिकवणारी मनाली, पोरसवदा मुलगी, आम्हाला बघून खुलली. जमिनीवर निळी पट्टी चिकटवलेली होती. "काका, काकूंचा हात धरा. टाचेला पाऊल लावत चालायचं."

मी तोंड उघडलं. पण तोवर त्यांनी हात पुढं केला होता. स्टेअरिंगनं घट्टे पडलेला, कोरडा, उबदार हात… आम्ही नवरा-बायको नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

नाव धोंडीराम. सायखेड्याहून बसनं यायचे. मला वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांचीही बायको गेलेली. व्यायामानंतर आम्ही बाकावर बसायचो. मी विहारातल्या वर्गात पन्नाशीनंतर अक्षरं शिकले, त्यामुळे नवा शब्द आला की सोडवत नाही.

"इम्बॅलन्स म्हणजे हो काय नक्की?"

"मी टेंपो चालवायचो. देवळ्याहून कांदा भरायचा. गोण्या एका अंगाला जास्त झाल्या की गाडी तिकडंच ओढती. तो एक इम्बॅलन्स. अन् टायरवाला चाक फिरवून बघतो, तो दुसरा. मग रिमला शिशाचा तुकडा ठोकतो. इवलासा."

"एवढ्यानं होतं?"

"जागा बरोबर पाहिजे." ते माझ्याकडे बघत म्हणाले. मी उगाच पदर सारखा केला.

मग खेळच सुरू झाला. शब्द कुठं ऐकला ते सांगायचं. मी टीव्हीवरून निसर्गाचा इम्बॅलन्स आणला, सुनेच्या मैत्रिणीकडून हार्मोनचा.

"पुतण्या म्हणतो, टीममधी इम्बॅलन्स हाय. बॅटिंग लय, बॉलरच नाय."

"आणि तुमच्या घरी?"

"घरी?" त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "दोन खुर्च्या हायेत. एकीवर मी… दुसरीवर वाळलेले कपडे."

 परतताना रिक्षात ती दुसरी खुर्चीच डोळ्यांपुढं येत राहिली.

फार चांगला माणूस. जिना उतरताना नेहमी माझ्या एक पायरी खाली. विचारलं तर म्हणायचे, "पडलात तर सापडाल." दुसऱ्याचा विचार इतका सहज करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

एक दिवस मनाली म्हणाली, "शाबास! पुढच्या वेळी शेवटचं."

 बरं व्हायला आलो होतो, आणि बरं होणंच नको झालं.

शेवटच्या दिवशी पट्टीवर मी मुद्दाम डगमगले. पाठोपाठ तेही डगमगले.

"अहो, हे काय?" मनाली ओरडली. "मागच्या वेळी तर सरळ चालला होता!"

आम्ही दोघं हसत सुटलो… आणि दारात किशोर उभा. शेवटचा दिवस म्हणून न्यायला आला होता.

मनाली त्याला म्हणाली, "तुमचे आई-बाबा ना? काय गोड जोडी आहे!"

किशोरचा चेहरा उतरला. "माझे बाबा वारलेत. आई, हे कोण?"

धोंडीराम हात सोडवू लागले. "चूक माझी हाय, पोरा. तुझ्या आईला बोल लावू नको."

मला कळत होतं. हा हात सुटला की ते सायखेड्याची बस धरणार, आणि हा जिना पुन्हा कुणी चढणार नाही. म्हणून बोलले.

"अहो, थांबा. सोडू नका." मग लेकाकडे वळले. "किशोर, हे धोंडीराम. मला यांच्याशी लग्न करायचंय."

धोंडीराम स्टुलावर मटकन बसले.

"काका! चक्कर आली का?" मनाली धावली.

"आली," ते म्हणाले. "पण ही बरी हाय."

मनालीला हसू आवरेना. किशोरनं एकदा निळ्या पट्टीकडे, एकदा आमच्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं धोंडीरामांची पिशवी उचलली. "बसला वेळ असेल. आधी घरी चला, चहा घ्या. तिथं बोलू."

पुढच्या उन्हाळ्यात विहारात आमचं लग्न झालं. त्रिसरण म्हणताना त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. सायखेड्याच्या घरातली दुसरी खुर्ची मी पहिल्याच दिवशी रिकामी केली आणि बसले.

धोंडीराम २०२३ च्या नोव्हेंबरात, सायखेड्याला, घरीच हृदयविकारानं गेले.