आकृतीबाहेरचा ठिपका

सिस्टरांची सकाळ ठिपके बघण्यात जायची. डोक्याला मार लागलेल्या माणसांना घरी सोडलं की त्यांच्यामागे रोज धावायला कुणाला वेळ आहे? म्हणून हॉस्पिटलने एक ॲप काढलं होतं. रोग्याने सकाळी ते उघडायचं. झोप लागली का, चक्कर येते का, उजेड सोसतो का, अशा प्रश्नांना उत्तरं द्यायची. शेवटी पडद्यावर माणसाची आकृती येई. दुखतं तिथे बोट टेकवलं की लाल ठिपका उमटे, आणि दुखणं जितकं जास्त तितकं बोट दाबून धरायचं, म्हणजे ठिपका मोठा होई. इकडे ओपीडीच्या मागच्या खोलीत सिस्टर चहाचा कप बाजूला सारून एकेकाचे ठिपके पाहत. ठिपका पार नाहीसा झाला की डॉक्टरांना विचारून 'बरे झाले' हे बटण दाबायचं आणि नोंद बंद करायची. ते बटण दाबायला त्यांना फार आवडे. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या बाईला तेवढंच सुख.

रंगाऱ्याचा ठिपका मात्र काहीतरी भलतंच करू लागला होता. हा घरांना रंग देणारा माणूस शिडीवरून खाली आला होता, तोही डोक्यावर. सुरुवातीला त्याचा ठिपका कपाळाच्या डाव्या बाजूला होता, चांगला मोठा. मग तो कानावर गेला. सिस्टर म्हणाल्या, असेल बाबा, कान दुखत असेल. मग तो कानाच्या पलीकडे गेला, आकृतीच्या बाहेर, कोऱ्या जागेत. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा लांब. लहान मात्र होईना.

त्यांनी कंप्युटरवाल्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "असं होऊच शकत नाही. रेषेच्या बाहेर बोट टेकलं तर ॲप ते घेतच नाही."

"मग हे काय आहे?"

मुलीने पडदा स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "पडदा पुसून बघा एकदा."

सिस्टरांनी पुसला. ठिपका होता तिथेच राहिला. मुलगीही जरा घाईनेच निघून गेली, त्यामुळे सिस्टरांचा गोंधळ आणखी वाढला. त्याच्या नजरेचा दोष असेल, हात कापत असेल, अशी मनाची समजूत घालत त्यांनी रंगाऱ्याच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला. मिस्टर बोट नीट बघून टेकवतात ना, असं सिस्टरांनी विचारलं.

"चष्मा लावूनच करतात हो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सिस्टर, तुम्ही एकदा येऊन जाल का? फोनवर नाही सांगता येत. ते ऐकतात."

"कोण, तुमचे मिस्टर?"

"तेच कळत नाहीये…"

दुपारी सिस्टर गेल्या. दोन चौक ओलांडून एक जुनी इमारत, अरुंद जिना, तिसरा मजला. खोलीत अजून टर्पेंटाइनचा वास होता. भिंती लख्ख, कोपऱ्यात ब्रश धुऊन उलटे ठेवलेले. रंगारी खुर्चीत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. सिस्टरांना पाहून तो उठून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "या, बसा."

"डोकं कसं आहे?"

"छान आहे."

"दुखतं का अजून?"

"नाही. अजिबात नाही."

बायकोने सिस्टरांना स्वयंपाकघरात ओढलं. "काल मी आमटीत मीठ घालायला विसरले. म्हणतात, छान झालीय. अहो, आमच्या ह्यांच्या तोंडून कधी छान निघालंय का? ताट समोर आलं की आधी नाक मुरडायचं, मग जेवायचं. रागीट, किरकिरे, बेसूर गाणं म्हणणारे, असे होते. पण माझे होते. आणि आता मला अहो-जाहो करतात. पाणी दिलं तर आभार मानतात." तिचे डोळे भरून आले. "घरात पाहुणा ठेवल्यासारखं झालंय. मला माझा माणूस परत पाहिजे, सिस्टर. बरा झाला नाही तरी चालेल."

असं रोज कोणी ना कोणी म्हणे. डोक्याला मार लागला की स्वभाव बदलतो, हे सिस्टरांना तोंडपाठ होतं आणि त्यांनी तेच सांगितलं. मग बाहेर येऊन रंगाऱ्याच्या हातात फोन दिला. तो हसत होता, पण बोट टेकवताना त्याचं हसू थांबलं. बोट आकृतीला शिवलंसुद्धा नाही. डावीकडच्या कोऱ्या जागेत टेकलं आणि दाबलेलंच राहिलं. ठिपका फुगत गेला.

खुर्चीच्या डावीकडे खिडकी होती. खिडकीशी एक रिकामं स्टूल, शेजारी पाण्याचा पेला.

"तिथे स्टूल मी ठेवलंय," बायको पुटपुटली. "उभं तरी किती राहायचं माणसाने…"

सिस्टर स्टुलापाशी गेल्या. आपण हे का करतोय ते त्यांना कळेना. रोज शंभर कपाळांवर ठेवलेला हात सवयीने वर गेला आणि हवेत, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, थांबला. तळव्याला ऊब लागली. बाहेर ढग होते, खिडकीतून ऊन येत नव्हतं. ऊब तापाची होती. त्यांनी हात थोडा बाजूला नेला तर हवा गार, परत आणला तर पुन्हा ताप.

खुर्चीतल्या रंगाऱ्याने डोळे मिटले. "हात गार आहे तुमचा," तो अगदी वेगळ्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ठेवा जरा…"

सिस्टर घाईने उतरल्या. चप्पल नीट घालायचंही भान राहिलं नाही.

डॉक्टरांना हे सांगायचं तरी कसं? त्यांनी फक्त ठिपका दाखवला. डॉक्टरांनी मानही नीट वर केली नाही. "शरीरावर कुठे दुखतंय का? नाही ना? मग झालं तर. शांत आहे, खातो, झोपतो. बंद करा नोंद. बाहेर रांग बघा केवढी आहे." सिस्टरांनी बटण दाबलं. पहिल्यांदाच ते दाबताना त्यांना बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांची डावी बाजू तापत होती. हीटर लागला असेल म्हणून पाहिलं तर बंद. खुर्ची सरकवली, तरी डाव्या बाजूलाच धग. टर्पेंटाइनचा वास येतोय असं वाटलं, मग वाटलं, आपल्यालाच भास होतोय. तेवढ्यात फोन वाजला.

"सिस्टर, हे घरात नाहीत." रंगाऱ्याची बायको धापा टाकत होती. "म्हणजे, खुर्चीत आहेत. ते नाही म्हणत मी. स्टुलावर नाहीत. ॲप उघडतच नाही, तुमची नोंद संपली म्हणतं. मी सगळ्या घरात हात फिरवून बघितला… काल तुम्ही हात ठेवलात तेव्हा त्यांना बरं वाटलं. तुमच्यामागे तर नाही ना आले?"

सिस्टरांनी डावा हात हळूच वर केला. उभ्या माणसाच्या कपाळाइतका.

"आहेत," त्या म्हणाल्या. आपणच हे बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना.

"घेऊन या हो. तुमच्या पाया पडते."

भर सकाळी, भर रस्त्यातून सिस्टर हात हवेत धरून चालत गेल्या. लोक बघत होते. बघेनात का. हात खाली केला की मागे राहील अशी भीती वाटत होती, आणि तो मागे राहू नये असं आपल्याला का वाटतंय, हेही उमगत नव्हतं. जिन्यात धग जवळ आली. बेसूर गुणगुणणंही ऐकू आलं, की वरच्या मजल्यावरचा रेडिओ होता तो, कोण जाणे.

बायको दार उघडून उभीच होती. तिने सिस्टरांच्या तळव्याशेजारी आपला तळवा धरला आणि तिला रडू फुटलं. "हेच आहेत. किती ताप आहे हो अंगात. चला… आत चला."

तेव्हा आतून रंगारी आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. उंबऱ्यात मधोमध उभा राहिला.

"सिस्टर, मी बरा झालो, असं तुम्हीच नोंदवलंत ना?"

"हो… पण…"

"मग यांना इथे कशाला आणलंत?"

हे त्याने अगदी नम्रपणे विचारलं. तो सिस्टरांकडे बघत नव्हता. त्यांच्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघत होता, वरपासून खालपर्यंत. मग बायकोला म्हणाला, "तुम्ही आत येताय का?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने दार हळूच लोटलं, आणि आतून कडी लागली.

ती तिथेच पायरीवर बसली, एक हात हवेत तसाच. "आता कुठे नेऊ यांना?"

"मी नोंद परत उघडते," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता जाऊन उघडते. तुम्ही इथेच थांबा." त्या वळल्या आणि पायरी उतरल्या.

खाली लोंबणाऱ्या त्यांच्या हाताला काहीतरी गरम लागलं. कमरेच्याही खाली, लहान पोराच्या डोक्याच्या उंचीवर. आणखी दोन पायऱ्या खाली पुन्हा एक, मोठ्या माणसाच्या उंचीवर. जिन्याच्या खालच्या वळणापर्यंत हवा तापलेली होती.

सिस्टरांनी हात मागे घेतला नाही. परवाच एका आईचा फोन आला होता. तिची मुलगी झोपाळ्यावरून पडली होती आणि गेल्या महिन्यात सिस्टरांनी तिची नोंद बंद केली होती. आई फार खुशीत होती. म्हणत होती, पोरगी आता मुळीच हट्ट करत नाही, सांगितलेलं सगळं ऐकते, आणि रात्री कुशीत यायचं सोडून एकटीच झोपते.