श्वास घ्या, रोखून धरा

मंचरच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये सकाळचा पहिला पेशंट उपाशीपोटी यायला हवा होता. गोरख आला तो ढेकर देत.

"काही खाल्लंय का?" तेजस्विनीनं विचारलं. सीटी स्कॅनचं मशीन तीच चालवायची.

"न्हाई ओ मॅडम. उपास धरलाय." तो खोकला, मग हसला. "आईनं नुसती साबुदाण्याची खिचडी दिली. वाटीभर... म्हंजे ताटभर."

तेजस्विनीनं सुईचं पाकीट पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. "अहो, शिरेतून औषध सोडायचंय. पोट रिकामं लागतं."

"खिचडी उपासाला चालती की!"

"देवाला चालते. मशीनला नाही चालत. बसा आता दुपारपर्यंत."

तो बसला. ती दोन पेशंटच्या मधे बाहेर आली की तो काही ना काही बोलायचा, आणि तिलाही उगाचच सारखं बाहेर यावंसं वाटायला लागलं. आळेफाट्याला त्याचं गॅरेज होतं. घरी मेंढरं होती, ती वडील बघायचे. हा ट्रकची इंजिनं बघायचा. दिवाळीनंतर खोकला लागला तो हटेचना. टीबीची तपासणी झाली, टीबी निघाला नाही. मग एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या अंगाला डाग दिसला आणि गावाकडचे डॉक्टर म्हणाले, गाठही असू शकते. तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"सायलेन्सर चोक झालाय, दुसरं काय न्हाई," तो म्हणाला. "खोला आन् बघा."

"इथं खोलत नाहीत. नुसतं बघतात."

"मग बघा की."

असं म्हणून त्यानं असं काही पाहिलं, की तिनं हाताला लागली ती एक्स-रेची फिल्म उचलली आणि उजेडापुढं धरली.

"मॅडम... उलटी हाय."

तिनं ती सुलटी केली. कान मात्र गरम झालेच.

"फोटो निघाला की मला सांगशीला ना?" त्यानं हळूच विचारलं. आता तो हसत नव्हता.

"नाही. रिपोर्ट डॉक्टर मॅडम सांगतात. आम्ही तोंड उघडायचं नाही."

"नका उघडू. मी चेहऱ्यावरनं ओळखीन. गिऱ्हाईक गॅरेजात शिरलं की मला कळतं, गाडी कुठं ठोकलीय."

"माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही," ती म्हणाली. "नोकरीत हेच आधी शिकवतात."

दुपारी तो मशीनच्या फळीवर आडवा झाला. तिनं हाताच्या शिरेत सुई घातली, नळी जोडली आणि काचेमागच्या खोलीत जाऊन माईक लावला.

"आता औषध जाईल. अंगात एकदम गरम वाटेल. घाबरू नका."

"गेलं का?"

"अजून नाही सोडलं."

"मग हे आत्ताचं गरम कशाचं?"

तिनं तोंडावर हात धरला.

"मॅडम, माईक चालू हाय. हसल्यालं ऐकू येतंय."

"गप्प पडा! ...श्वास घ्या. रोखून धरा."

पडद्यावर फुफ्फुसं उमटू लागली. औषधानं रक्तवाहिन्या उजळल्या, उन्हात चमकणाऱ्या पाटाच्या पाण्यासारख्या. आणि उजवीकडे, खाली, श्वासनळीच्या फाट्यावर — तो डाग. एवढासा. गाठी तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. रक्त पिऊन त्या औषधासरशी उजळत. हा तुकडा होता तसाच फिका राहिला होता. जणू या शरीराचा तो कुणीच लागत नव्हता.

तेजस्विनीला नाचावंसं वाटलं. मग आठवलं, 'सोडा' म्हणायचं राहिलंय.

"सोडा, सोडा!"

तो खोकत उठला. ती बाहेर आली ती शिकवलेला चेहरा घेऊनच. कोरा, घट्ट, काहीही न सांगणारा. गोरखनं तो पाहिला आणि त्याचा रंगच उडाला.

"कळलं," तो म्हणाला.

"अहो, तसं काही..." ती थांबली. नियम होता. आणि तिचा अंदाज चुकला तर? "बाहेर बसा. सुई काढायचीय अजून. उठू नका, मी आलेच."

ती डॉ. उज्ज्वलांच्या खोलीत शिरली. मॅडमनी चित्रं वर नेली, खाली आणली, पुन्हा वर. तेजस्विनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

"गाठ नाही ही. काहीतरी गिळताना नळीत गेलंय. विचार त्याला, जेवताना जोराचा ठसका लागला होता का."

"मी सांगू त्याला? गाठ नाही म्हणून?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "माझं नाव घेऊन सांग. पळ, नाहीतर तुझाच स्कॅन काढावा लागेल."

बाहेर गोरखची खुर्ची रिकामी होती.

"ते स्टँडकडं गेले," काउंटरवरची अश्विनी म्हणाली.

"सुई हातात आहे त्याच्या!"

कांद्याचे ट्रक हॉर्न देत होते, पांढरा कोट वाऱ्यावर उडत होता, आणि तेजस्विनी मंचरच्या भर रस्त्यानं धावत होती. आळेफाट्याच्या एसटीच्या पायरीवर तो दिसला.

"ओ गोरख! उतरा खाली!"

"ताई, भांडान घरी मिटवा," कंडक्टर म्हणाला. "गाडीला उशीर व्हतोय."

गोरख उतरला. तिला धड बोलताही येईना. "ठसका... दिवाळीनंतर... काही खाताना ठसका लागला होता?"

"आँ?" त्यानं डोळे बारीक केले. "अक्षदाच्या सुपारीला लागला व्हता. माझी भन. पावण्यांच्या देखत सुपारी फोडली, लग्न पक्कं झालं, खांडं वाटली. मी एक तोंडात टाकलं आन् नवऱ्याच्या मामाचा फेटा पंख्यात गुतला. असा हसलो, असा हसलो... डोळ्यातनं पाणी. मला वाटलं, गेली पोटात."

"पोटात नाही गेली," ती म्हणाली. "गाठ नाही, गोरख. डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. नळीत काहीतरी अडकलंय फक्त."

तो स्टँडच्या कट्ट्यावर बसला. हातातल्या सुईवरची सुटत आलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली.

"म्हंजे... सायलेन्सरच."

आणि ती हसली. सगळ्या स्टँडसमोर, मोकळी, डोळे पुसत.

"ह्यो चेहरा मगाशी कुठं व्हता?"

"ड्युटीवर होता."

पुण्यात दुर्बीण घालून तुकडा काढला. गोरख बरा झाला तसा एका सकाळी सेंटरवर हजर. हातात छोटी बाटली, तिच्यात सुपारीचं काळपट खांड. पेशंट अजून यायचे होते.

"उपाशी आलात?"

"खिचडी खाऊन." तो मशीनच्या खोलीच्या दारात घुटमळला. "आई-आबा येत्या रविवारी पेठला याचं म्हणत्यात. तुमच्या घरी. तुमी हो म्हणला तर... सुपारी फोडायला." तो घाईनं म्हणाला, "मी खाणार न्हाई! नुसती फोडू."

तेजस्विनीचा चेहरा कोराच. त्यानं निरखून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि हात टेकले. "आजबी काय कळंना, राव."

ती वळून काचेमागं गेली. माईक खरखरला.

"श्वास घ्या."

त्यानं छाती भरून घेतला.

"रोखून धरा."

बाटली हातात धरून, गाल फुगवून तो उभा. काचेपलीकडे तो कोरा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"रविवारी लवकर या," माईकमधून आवाज आला. "आबांना... माझ्या आबांना सुपारी मीच आणून ठेवायला सांगते. आता सोडा."

तो सोडायचं विसरूनच गेला.