लिंबाची बावीस वाडगी

"ओढ, ओढ! थांबू नकोस, मधेच थांबलास की धार उडते," कचरू कातारी ओरडला, तसा मार्तंडने दोरीला पुन्हा हिसका दिला. लाकडाचा गोल ठोकळा गरगर फिरू लागला. कचरूकाकाने धारेचं हत्यार अलगद टेकवलं आणि कडुलिंबाच्या लाकडाच्या पिवळट साली भुरुभुरु खाली पडू लागल्या.

"काका, ह्या वाडग्यात भाजी वाढली तर कडू लागेल का?" मार्तंडने धापा टाकत विचारलं. तो जालन्याच्या मस्तगड भागातून सुट्टीला आत्याकडे आला होता आणि त्याला सगळ्याच गोष्टींची शंका येत असे.

"तुला कोण भाजी वाढून राह्यलं त्याच्यात? मीठ ठेव, मोहरी ठेव. कीड लागायची न्हाई."

त्याची आतेबहीण तारा भिंतीशी बसून तयार वाडगी भुशात पुरत होती. ओल्या लाकडाचं वाडगं उघड्यावर राहिलं की तडकतं. म्हणून ते सावलीत, भुशाखाली हळूहळू वाळवायचं, हे कचरूकाकाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चौदा झाली होती. बावीस हवी होती.

बावीस घरं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात शेलवडीतल्या बावीस घरांनी शाळेच्या लिंबांना रोज एकेक कळशी पाणी घातलं होतं. झाडं लावली होती ताराच्या बाबांनी, म्हणजे वामन गुरुजींनी. पाण्यासाठी दारोदार हिंडलेही तेच. ह्या पौषात गुरुजी गेले आणि मे महिन्यातल्या वादळाने त्यांचे पाच लिंब मुळासकट उपटून टाकले. तेव्हा ताराची आई म्हणाली होती, "जळणात नको जायला. ज्यांनी पाणी घातलं, त्यांच्या घरी वाडगं होऊन जाऊ दे." शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी त्यासाठी एक खोड देऊ केलं. बाकीची लाकडं साहेबराव नावाच्या लाकूडवाल्याने उचलायची होती.

"लाकूड सरलं," कचरूकाका म्हणाला. "आपल्या खोडाचा शेंड्याकडचा तुकडा शाळेपाशीच पडून हाय. तो घेऊन या. आठ वाडगी निघतील त्याच्यात. जल्दी या पण, ऊन लई हाय."

भर दुपार होती. गावात कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. तारा आणि मार्तंड शाळेच्या वळणावर आले तेव्हा ओढ्याकडून द्रौपदा धावत येताना दिसली. ताराची वर्गमैत्रीण. सुट्टीत घरच्या तीस बकऱ्या तिच्याच हवाली असत.

"तारे, तिकडं चल. करवतीचा आवाज येऊन राह्यलाय."

शाळेच्या मागे तारा पोचली आणि जागीच उभी राहिली. काल संध्याकाळपर्यंत तिथे आठ लिंब उभे होते. आता पाच होते. तीन आडवे पडले होते, हिरवेगार, आणि साहेबरावाचे दोन गडी चौथ्या झाडाला दोर बांधत होते. साहेबराव ट्रॅक्टरच्या सावलीत कलिंगड खात बसला होता.

"हे काय करताय?" तारा म्हणाली.

"वादळात पडलेलं उचलतोय, पोरी. सरक बाजूला, लागंल."

"हे वादळात पडलं नाही. काल उभं होतं."

"अर्धं मोडलं होतं. शाळेतल्या लेकरांच्या डोक्यात पडलं असतं मंग?" त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघ. अध्यक्षांची सही हाय. वादळात पडलेली सर्व झाडं. वाचता येतं ना?"

मार्तंडने मान वाकडी करून कागद वाचला. "किती झाडं ते लिहिलेलंच नाही."

"सर्व म्हंजी सर्व," साहेबराव म्हणाला आणि बिया थुंकला.

तारा वळली आणि तरातरा काकासाहेबांच्या घराकडे निघाली. मार्तंड आणि द्रौपदाही तिच्या मागोमाग निघाले.

काकासाहेब ओसरीवर ओला टॉवेल अंगावर घेऊन पडले होते. ताराने सगळं सांगितलं. त्यांनी एक डोळा उघडला.

"मी काय झाडं मोजत बसू का? वादळ आलं, झाडं पडली. त्याला कागद दिलाय, तो बराबर बघंल."

"तो उभी झाडं कापतोय. तुम्ही नुसते येऊन बघा."

"ऊन उतरलं की बघू. आणि तारा, झाड काय, परत लावता येतं. गुरुजींची आठवण आम्हाला पण येते. इतकं मनाला लावून घेऊ नये."

तारा ओसरीवरून उतरली तेव्हा तिच्या मुठी वळलेल्या होत्या. पाच महिने जो तो तिला हेच सांगत होता. मनाला लावून घेऊ नकोस. बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस, झाडांचं मनाला लावून घेऊ नकोस. मग मन ठेवायचं कशाला?

"ऊन उतरेपर्यंत एकही लिंब राहणार नाही," मार्तंड म्हणाला.

"बकऱ्या कुठायत तुझ्या?" ताराने एकदम द्रौपदाला विचारलं.

"ओढ्यात. सावलीला बसल्यात. का?"

"वादळात पडलेल्या झाडांचा पाला कुणी खाल्ला?"

"आमच्याच शेरडांनी. दोन दिवसांत पार काड्या करून टाकल्या. नऊ दिवस झाले त्याला, आता तिथं चघळायला काही न्हाई." द्रौपदा बोलता बोलता थांबली. मग हळूच हसली. "आणि ह्या तिघांचा पाला शाबूत हाय."

"बकऱ्या घेऊन ये. सगळ्या. मार्तंड, तू काकासाहेबांकडे जा. झाडांचं नाव काढू नकोस. फक्त सांग, शाळेच्या आवारात द्रौपदाच्या बकऱ्या शिरल्यात."

"तेवढ्याने येतील?"

"गेल्या साली एका बकरीनं त्यांचं धोतर खाल्लं होतं, वाळत घातलेलं," द्रौपदा म्हणाली. "धावत येतील."

काकासाहेब खरोखर धावत आले. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी, आणि मागे निरागस चेहऱ्याचा मार्तंड. तोवर तीस बकऱ्या शाळेच्या मागे पोचल्या होत्या. वादळात पडलेल्या निष्पर्ण फांद्यांवरून त्या टणाटण उड्या मारत गेल्या, त्यांना कुणी तोंडही लावलं नाही. तीन हिरव्या झाडांवर मात्र झुंबड उडाली. साहेबरावाचे गडी हुर्र हुर्र करत त्यांना हाकलू लागले, पण बकऱ्या ऐकतात थोड्याच?

"द्रौपदे, तुला किती वेळा सांगितलं की शाळेत..." काकासाहेबांनी काठी उगारली.

तारा आडवी आली. "काकासाहेब, तीन झाडं कापली म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही उठला नाहीत. बकऱ्या म्हटल्यावर धावत आलात. आता आलाच आहात तर बघा. वादळात पडलेला लिंब तो. एक पान आहे का त्याच्यावर?"

काकासाहेबांनी पाहिलं.

"आणि हा. ह्याच्या पानांतून अजून पाणी निघतंय. नऊ दिवस मे महिन्याच्या उन्हात पडलेलं झाड असं दिसतं?"

"मोडकळीला आल्तं ते," साहेबराव पुढे सरकत म्हणाला. "पोरींचं काय ऐकता, अध्यक्ष."

"पोरींचं नका ऐकू," द्रौपदा म्हणाली. "शेरडांचं ऐका. नऊ दिवसांपूर्वी हे पडलं असतं तर त्यांनी आजपोतर ठिवलं असतं का?"

एक गडी फसकन हसला आणि साहेबरावाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. काकासाहेबांची काठी खाली आली. ते कापलेल्या बुंध्याजवळ गेले, वाकले, ओल्या कापावर त्यांनी बोट टेकवलं. बोटाला चीक लागला.

"कागद दे," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"कागद दे, साहेबराव. माझी सही हाय त्याच्यावर." त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि बहुधा पहिल्यांदाच नीट वाचला. मग त्याचे चार तुकडे केले. "दोर सोड. ट्रॅक्टर रिकामा घेऊन जा. एक काडी न्यायची न्हाई इथून."

चौथ्या लिंबाचा दोर सुटला. मार्तंडने आनंदाने शीळ घातली. तारा मात्र त्या तीन बुंध्यांकडेच बघत राहिली. पाच वाचले होते. तीन गेलेच होते.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी बावीस वाडगी ओट्यावर मांडली होती. भुशातून काढून, तेल लावून कचरूकाकाने ती अशी चमकवली होती की हात लावायला भीती वाटावी. काकासाहेब बोलायला उभे राहिले. "वामन गुरुजींच्या पोरीनं आणि तिच्या सवंगड्यांनी आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आपल्या घरचं वाडगं घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

तारा त्यांना ओलांडून गेली. मागे त्यांची आई, दुर्गाबाई, बायकांत बसली होती.

"आजी, तुमच्या घरून पाणी तुम्ही आणत होता. हे तुमचं."

म्हातारीने वाडग्याच्या आतून अंगठा फिरवला. "कोणच्या झाडाचं हाय, बाई? वादळातल्या?"

"नाही. हे मी मुद्दाम नंतर कापलेल्या झाडाचं करून घेतलं."

काकासाहेब आपल्या हातांकडे बघू लागले. ताराची आई काहीतरी म्हणणार होती, पण दुर्गाबाईने हात वर केला.

"खरं तेच बोलली. शाबास. गुरुजी असते तर असंच तोंडावर बोलले असते."

"नाही, आजी," तारा म्हणाली. "बाबा काहीच बोलले नसते. तिथे नव्या रोपांसाठी तीन खड्डे खणायला गेले असते. मला त्याचाच राग येतो."

दुर्गाबाई तिचा हात धरून उठली, तिने वाडगं काखेत मारलं आणि ती मुलाकडे वळली.

"काकासाहेब, कुदळ आण. पोरीचं बोलून झालंय. आता खड्डे तू खण."