पेशी तयार नाहीत

ती दार ढकलून आत शिरली आणि अंधारातून कुणीतरी ओरडलं, "दार! आधी दार लावा!"

तिनं दचकून दार लावलं. हातातली जिवंत पेशींची काचेची बशी सांडता सांडता वाचली. "खोली चुकले वाटतं..."

"खोली बरोबर आहे, वेळ चुकली," अंधार हसला. "आलाच आहात, तर बघूनच जा."

तो प्रकाशावर संशोधन करायचा. नेहमीच्या लेझरखाली तिच्या पेशी भाजून मरायच्या. उजेड कमी केला, की चित्रात नुसते ठिपके. त्याच्या यंत्रातून मात्र प्रकाशाचे कण जोडीनं निघत, जुळ्या भावंडांसारखे. त्यामुळे ठिपक्यांचा गोंधळ कमी होई आणि मंद उजेडातही पेशी स्वच्छ दिसे. ती त्याला 'दिवेवाला' म्हणू लागली, तो तिला 'पेशवीणबाई'. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

मग भिंगं जुळवायला दुसऱ्या प्रयोगशाळेतून पाहुणी आली. उंच, हसरी. बंद दाराआडून दोघांचं खिदळणं ऐकू येई आणि हिचा नुसता तिळपापड होई.

"पेशी देतेस ना आज?" तो विचारायचा.

"तयार नाहीत."

आणि उबेच्या कपाटात बशा अगदी टवटवीत!

"कामाचं निमित्त मला नको सांगूस," ताई फोनवर म्हणाली. "नाकाचा शेंडा लाल झालाय तुझा, इथून दिसतोय."

पाहुणी निघायच्या दिवशी ती त्या दाराशी घुटमळली. आत पाहुणी म्हणत होती, "दुसऱ्या कुणाच्या पेशी घे ना! भिंगं जिवंत पेशीवर तपासल्याशिवाय मी गेले, तर तुझं सगळं काम अडेल."

"अडू दे. ती तयार नाहीत म्हणाली, म्हणजे नसतील."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच मागे वळली, बशी घेऊन आली.

"तयार होत्या... कधीच्याच. मीच दिल्या नाहीत."

पाहुणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी चहा घेऊन येते," म्हणत ती सटकली.

"का गं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दोघं फार हसत होतात."

"ती मला चिडवत होती. माझ्या दर दोन वाक्यांत पेशवीणबाई येतात म्हणून." तो पुढे झुकला. "...जळलीस?"

"राख झाली माझी!"

तो रागावेल, असं तिला वाटलं. त्यानं बशी भिंगाखाली ठेवली, दिवा मालवला आणि अंधारात तिचा हात हातात घेतला.

"पुन्हा जळलीस, तर मला सांग. पेशींना मध्ये आणू नकोस."

"सांगेन... आणि तू?"

"मी काय? मी तर पहिल्या दिवसापासून तुझाच आहे."

पडद्यावर एक पेशी हळूच दुभंगत होती. हाच क्षण बघायला ती वर्षभर झुरली होती. यंत्रानं तो टिपला. तिचं बघायचंच राहिलं.